प्लॉट नंबर २७

पुण्यात आयटीत चार-पाच वर्षं काढली की माणसाला दोन प्रकारचे फोन हमखास सुरू होतात. एक स्थळांचे आणि दुसरे प्लॉटचे. स्थळांचे फोन आई घेते. प्लॉटचे मला घ्यावे लागतात. "सर, हायवे टच." "सर, एनए, बँक लोन, क्लीन टायटल." "सर, एअरपोर्टपासून फक्त पंधरा मिनिटं." २०१६ मध्ये विमानतळासाठी पुरंदरची जागा जाहीर झाली आणि तेव्हापासून सासवड-जेजुरी पट्ट्यातलं प्रत्येक टेकाड एअरपोर्टपासून पंधरा मिनिटांवर आलंय. विमान उडायचं तेव्हा उडेल, भाव केव्हाच उडालेत.

कँटीनमध्येही हाच विषय. कुणी कापूरहोळला तीन गुंठे घेतले, कुणी सुप्याकडं पाच. घेतलेल्यांपैकी तिथं राहायला जाणारा एकही नाही. महिन्या-दोन महिन्यांनी रविवारी जाऊन कंपाउंडचे खांब जागेवर आहेत ना हे बघून यायचं, येताना जेजुरीच्या खंडोबाला हात जोडायचे, झालं. त्याला इन्व्हेस्टमेंट म्हणायचं.

आमच्या घरात प्लॉटचं खूळ माझं नाही, अण्णांचं. अण्णा म्हणजे माझे वडील, बार्शीकडचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, आता रिटायर. गावाकडं भावकीत वाटण्या होत होत त्यांच्या वाट्याला कोरडवाहू दीड एकर उरलं, तेही चुलत्यांच्या विहिरीपलीकडं. त्यामुळं रिटायरमेंटचे पैसे हातात आले तसं त्यांनी सांगून टाकलं, "फ्लॅट म्हणजे हवेतली जागा. खाली आपल्या नावावर थोडी माती पाहिजे." अर्धे त्यांचे, अर्धे माझे, असा हिशोब ठरला. माझे अर्धे म्हणजे जवळजवळ दीड वर्षाचा पगार. म्हणजे विषय गंमतीचा नव्हता.

तर डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी आम्ही दोघं निघालो. दिवे घाट, सासवड, जेजुरी आणि पुढं मोरगावचा रस्ता. जेजुरी सोडली की डावी-उजवीकडं माळ सुरू होतो. पावसाळ्यात हिरवा, आणि डिसेंबरात पिवळा-तपकिरी. मधेच ज्वारीचं एखादं शेत, मधेच बाभूळ, आणि मधेच पांढऱ्या चुन्यानं आखलेले प्लॉट. आमच्या लेआउटच्या नावात 'ग्रीन' आणि 'व्हॅली' हे दोन्ही शब्द होते. व्हॅली कुठं दिसली नाही आणि ग्रीन फक्त कमान होती.

एजंटचा फोन आला, "सर, दहाच मिनिटांत पोचतो. तोवर २७ नंबर बघून ठेवा. कॉर्नर आहे, रोड टच." मी गाडी रस्त्याकडेला घेऊन इंजिन बंद केलं. २७ नंबर समोरच होता. सिमेंटचे चार खांब, एकावर लाल रंगानं आकडा. आत गुडघ्याएवढं वाळकं गवत आणि दगड.

आणि आकड्याच्या खांबावर एक पक्षी.

मी आपला "घार" म्हणून मोबाईल काढायला लागलो. अण्णा हळूच म्हणाले, "घार नव्हे रे. कापशी. हलू नको आता."

गाडीपासून तो खांब फार तर पंधरा फुटांवर असेल. ऑफिसात माझ्या डेस्कपासून कॉफी मशीन याहून लांब आहे. एवढ्या जवळ शिकारी पक्षी मी फक्त प्राणिसंग्रहालयात बघितला होता, आणि तिथं तो कंटाळलेला असतो. हा कंटाळलेला नव्हता. कावळ्याएवढा आकार. पाठ राखाडी, पोट कापसासारखं पांढरं, त्यामुळं नाव कुठून आलं असेल ते कुणी सांगायची गरज नाही. खांद्यावर काळा डाग, जणू कुणी बूटपॉलिशचा ब्रश एकदाच ओढलाय. डोळ्यांभोवती काजळ, तेही जरा फिसकटलेलं. आणि डोळे लालभडक, डाळिंबाच्या दाण्यासारखे. ते दोन्ही डोळे घुबडासारखे समोरच्या बाजूला वळलेले असल्यामुळं पक्षी आपल्याकडं बघतो तेव्हा खरंच बघतो. कोंबडी किंवा कबूतर एका डोळ्यानं तिरकं बघतं तसं नाही. समोरून, सरळ.

तिनं आमच्याकडं एकदा असं बघितलं, दोन डबडबीत माणसं एका पत्र्याच्या डब्यात बसलीत याची नोंद घेतली, आणि मान फिरवली. आम्ही तिच्या कामाचे नव्हतो. (मी 'ती' म्हणतोय ते कापशी शब्दामुळं. या पक्ष्यात नर आणि मादी दिसायला सारखेच असतात.) शेपटी मात्र सारखी खालीवर, हापशाच्या दांड्यासारखी.

मग ती उडाली. तीन-चार मजले उंच गेली, वाऱ्याच्या दिशेला तोंड केलं आणि थांबली. हवेत, एका जागी. पंख भराभर हलतायत, शेपटी पंख्यासारखी पसरलीय, पाय खाली सोडलेत, पण जमिनीच्या हिशोबानं वेग शून्य. इंजिनिअर माणूस म्हणून मला त्यात सगळ्यात भारी काय वाटलं सांगू? डोकं. वाऱ्याच्या झोताबरोबर अंग वरखाली होत होतं, पंखांचा कोन दर क्षणाला बदलत होता, पण डोकं हवेत खिळा मारून अडकवल्यासारखं स्थिर. कारण डोकं हललं तर गवतात हललेलं काहीतरी आणि आपण स्वतः हललेलो यातला फरक कळणार नाही. आपण ड्रोनच्या कॅमेऱ्याखाली मोटारी, सेन्सर आणि बॅटरी लावून जे करतो ते ही मानेच्या स्नायूंवर करते, आणि तेही उपाशीपोटी.

पहिल्यांदा ती निम्म्यापर्यंत खाली आली आणि विचार बदलून परत वर गेली. दुसऱ्यांदा जागा थोडी बदलली. तिसऱ्यांदा दोन्ही पंख इंग्रजी व्ही सारखे वर धरले आणि पायावर दगड सोडावा तशी गवतात पडली. दोन-तीन सेकंद काहीच नाही. अण्णांनी माझं मनगट धरलं होतं, ते मला नंतर कळलं.

वर आली तेव्हा पायात उंदीर होता. आणि ती परत आली ती त्याच २७ नंबरच्या खांबावर.

पुढची सात-आठ मिनिटं आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. एका पायानं उंदीर खांबावर दाबून धरलेला, चोचीनं ओढायचं, मान वर करून गिळायचं, आजूबाजूला एक नजर टाकायची, परत ओढायचं. काच खाली होती, त्यामुळं कातडं फाटल्याचा आवाज ऐकू येत होता. जुनं फडकं फाडावं तसा. पांढऱ्या छातीवर एक लाल ठिपका पडला. क्रूर वगैरे काही वाटलं नाही, खरं सांगायचं तर. उलट फार नीटनेटकं वाटलं. घाई नाही, सांडलवंड नाही.

तेवढ्यात एजंट बुलेटवरून आला. कापशी उरलेला उंदीर घेऊन पलीकडच्या बाभळीवर गेली. एजंटनं हेल्मेट काढलं, २७ नंबरकडं हात पसरले आणि म्हणाला, "तर हा आपला प्लॉट सर. एकदम मोकळा. काहीच नाही बघा इथं."

अण्णा म्हणाले, "काही नाही कसं? उंदीर आहेत."

एजंट हसला. "काका, त्याची काळजी सोडा. टोकन झालं की जेसीबी फिरवून देतो. एक उंदीर राहणार नाही."

आता हा माणूस काही वाईट बोलला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं, गिऱ्हाईकाला उंदीर नको असतात. पण 'मोकळा' हा शब्द माझ्या डोक्यात अडकून बसला. दहा मिनिटांपूर्वी ज्या जागेत एक जीव जगण्यासाठी दुसरा जीव शोधत होता, शोधायला तीन वेळा खालीवर करावं लागत होतं एवढं त्या गवतात काहीबाही होतं, ती जागा मोकळी?

घरी आल्यावर कागद बघायला बसलो. सातबाऱ्यावर एक नोंद असते, पोटखराब. गटातल्या ज्या भागात खडक, ओढा असल्यामुळं पीक निघत नाही तो भाग. पोटातच खराब. शब्द बघा कसला नेमका आहे! हे फक्त गावच्या तलाठ्याचं नाही. केंद्र सरकार उपग्रहाच्या चित्रांवरून देशातल्या 'वेस्टलँड'चा ॲटलस काढतं, २०१९ मध्येही काढला. त्यात झुडपी माळ आणि खालावलेली कुरणं यांची गणती वेस्टलँडमध्येच होते. ही नजर ब्रिटिशांच्या काळापासूनची. जी जमीन महसूल देत नाही ती वाया गेलेली. जंगल तोडायचं म्हटलं तर निदान चार लोक बोर्ड घेऊन उभे राहतात. माळासाठी कोण उभं राहणार? तिथं आहेच काय?

आणि गंमत म्हणजे माळाचं भलं करायला निघालेले लोकही तिथं जाऊन झाडंच लावतात. आमच्या ऑफिसातून दर पावसाळ्यात एक बस भरून जाते. टीशर्ट, केळी, ग्रुप फोटो. पण गवताळ माळ म्हणजे मेलेलं जंगल नव्हे. कमी पावसाच्या मुलखात तो तसाच असतो, हजारो वर्षं. तिथं राहणाऱ्यांना लांबवर दिसणारी उघडी जमीनच लागते. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी आपल्याकडच्या माळांवर येतात आणि रात्री झाडावर नाही, जमिनीवर गवतात झोपतात. गुजरातेत वेळावदरला त्यांचे थवे बघायला लोक मुद्दाम जातात. माळावर दाटीनं झाडं लावली तर भोवत्यानं झोपायचं कुठं?

आता कापशीपुरतं बोलायचं तर प्रामाणिकपणे सांगतो, कापशी काही संकटात वगैरे नाही. आफ्रिकेपासून आपल्यापर्यंत आणि पुढं आग्नेय आशियापर्यंत ती सगळीकडं आहे. स्पेन-पोर्तुगालमध्ये तर गेल्या काही दशकांत वाढली आहे. तिला शेती चालते, विजेच्या तारा चालतात, बांधावरची बाभूळ घरट्याला चालते. एका वेळी तीन-चार अंडी घालते, आणि उंदीर मुबलक असले तर वर्षाच्या कुठल्याही महिन्यात. जिथं उंदीर वाढतात तिथं जाऊन राहते. शेतकऱ्याला फुकटात एवढी सेवा देणारा दुसरा कंत्राटदार मिळायचा नाही. तेव्हा आमच्या २७ नंबरला कंपाउंड पडलं म्हणून कापशी जगातून जाणार नाही, पलीकडच्या माळावर जाईल. पलीकडचा माळ असेपर्यंत.

पण सगळ्यांना असं सरकून जाता येत नाही. माळढोकाचं काय झालं ते आपण बघितलंच. अण्णांच्या जिल्ह्यात, सोलापूरजवळ नान्नजला, त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. अण्णांनी लहानपणी माळढोक बघितल्याचं ते सांगतात, आणि सांगताना "बघितला" एवढंच म्हणतात, त्यात काही विशेष नसल्यासारखं. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. मोरगावपासून जवळच सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे. चिंकाऱ्यासाठी राखलेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. पाच चौरस किलोमीटर म्हणजे किती? हिंजवडीच्या आयटी पार्कात अर्धा दिवस ट्रॅफिकमध्ये काढणाऱ्यांना अंदाज येईल. चिंकाऱ्याला मात्र तेवढ्यात भागवायचंय. आजूबाजूच्या माळावर तो फिरतो म्हणून भागतं. तो आजूबाजूचा माळ म्हणजेच आमचा रोड टच.

परत येताना जेजुरीच्या अलीकडं मेंढरांचा मोठा कळप आडवा आला. घोड्यावर बिऱ्हाड, कोंबड्या, पिल्लं, पुढं एक म्हातारी. धनगर कोकणाच्या वाटेला लागले होते. कळप जाईपर्यंत गाडी थांबवून बसलो. अण्णा खाली उतरले आणि म्हातारीशी बोलले. तिनं सांगितलेलं एवढंच, की वाट तीच आहे पण मुक्कामाच्या जागा दर साली कमी होतायत. जिथं तिथं तारा. तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, हवामान सांगावं तसं सांगितलं.

गाडीत बसल्यावर मी अण्णांना विचारलं, "मग? टोकन देऊ या का?" सोमवारपर्यंत एक्कावन्न हजार द्यायचे होते.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. दिवे घाट उतरताना म्हणाले, "मला माती पाहिजे होती, ती पेरायला. कुलूप लावून ठेवायला कुणी जमीन घेतं का?"

मी म्हटलं, "आपण नाही घेतली तर दुसरा कुणीतरी घेईल. कापशीला त्याचा काय फायदा?"

"तिला नसेल," अण्णा म्हणाले. "मी तिच्यासाठी कुठं म्हणतोय? आपण घेऊन तिथं करणार काय, ते सांग."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणजे इन्व्हेस्टमेंटचं उत्तर होतं, पाच वर्षांत दुप्पट वगैरे, ते मी दिलंही. मास्तर माणूस, शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दुप्पट होतील. पण बघायला गेलो की मला तो खांबच दिसणार रे."

टोकन दिलं नाही. कँटीनमध्ये हे सांगितलं तेव्हा मित्रांनी मला यथेच्छ धुतलं. एका पक्ष्यापायी कॉर्नर प्लॉट सोडला! त्यातल्या एकानं तर तोच २७ नंबर घ्यायची तयारी दाखवली, एजंटचा नंबरही मागितला. दिला मी. तो माझा जवळचा मित्र आहे आणि त्याचे पैसे त्याच्या कष्टाचे आहेत. त्याला माळावर प्रवचन द्यायचा मला काय अधिकार? फक्त एवढं म्हटलं, की बघायला जाशील तेव्हा पोचल्या पोचल्या खाली उतरू नको. इंजिन बंद करून, काच खाली करून अर्धा तास गाडीतच बस. पक्षी माणसाला घाबरतात तेवढे गाडीला घाबरत नाहीत. सकाळी दहाच्या आत जा, आधी तारा बघ, मग खांब, मग बाभळीचे शेंडे. पांढरा ठिपका दिसला की थांब.

अण्णांनी हिशोब नव्यानं मांडलाय. शेतकरी असल्याचा दाखला त्यांच्या गावच्या दीड एकरामुळं मिळतो, म्हणजे शेतजमीन घेता येईल. पुरंदरात नाही परवडणार, बार्शीकडंच बघावी लागेल. माझ्या दृष्टीनं ती इन्व्हेस्टमेंट शून्य आहे. पाणी नाही, एअरपोर्ट नाही, विकायची म्हटली तर गिऱ्हाईक नाही. ज्वारी-तूर होईल, पाऊस झाला तर. बांधावर दोन बाभळी आहेत का, हे अण्णा फोनवर चुलतभावाला विचारत होते. तो म्हणाला, आहेत की, पण तोडून देतो पाहिजे तर.

"हात लावू नको," अण्णा म्हणाले. पुढच्या शनिवारी बघायला चाललोय.